जुनी शिडाची बोट पारखताना
हौस स्वस्तात मिळते, पण समुद्र उधारी ठेवत नाही

पिंपरी-चिंचवडहून समुद्र दिसत नाही. पण भल्या पहाटे निघाले, लोणावळ्याचा घाट उतरून खोपोली, पेणमार्गे गेले, तर मांडव्याच्या धक्क्यावर सकाळच्या चहाला पोहोचता येते. आपल्यापैकी किती तरी कुटुंबे सुट्टीत तिकडे जातात, वाळूत बसतात, मुले पायापुरत्या पाण्यात खेळतात. समोर पांढऱ्या शिडाची एखादी छोटी बोट संथपणे जाताना दिसते. मुले विचारतात, "बाबा, त्यात कोण असतं?" आणि बाप सांगतो, "मोठी माणसं."

हे उत्तर पूर्वी खरे होते. आता ते अर्धेच खरे आहे. नवी बोट आजही कामगाराच्या आवाक्याबाहेर आहे. पण वीस-तीस वर्षे जुनी, वीस-पंचवीस फुटांची शिडाची बोट मालकाला जड झाली की तो ती मिळेल त्या किमतीला काढतो. चार-पाच मित्रांनी मिळून भिशीसारखे पैसे घातले तर अशी बोट घेणे अशक्य नाही. धोका असलाच तर तो याच स्वस्ताईत आहे. स्वस्त मिळाली म्हणून घेतलेली बोट दोन वर्षांत घराचे पैसे खाते. त्याहून वाईट म्हणजे, भर समुद्रात दगा देते. म्हणून घेण्यापूर्वी ती पारखायची कशी, हे समजून घेऊ. घ्यायची नसेल तरी हे वाचण्यासारखे आहे, कारण पारखण्याची ही विद्या आपल्या रोजच्या कामापेक्षा फारशी वेगळी नाही.

कील म्हणजे काय?

शिडाच्या लहान बोटी ढोबळमानाने दोन प्रकारच्या असतात. एक हलकी होडी, जी वाऱ्याने कलली की आत बसलेल्यांनी आपले वजन दुसऱ्या बाजूला टाकून सावरायची. ती उलटते, मग पोहत जाऊन पुन्हा सरळ करायची. तलावावर शिकायला ती चांगली.

दुसरी कीलबोट. हिच्या पोटाखाली मासळीच्या परासारखा एक जड कणा असतो. तो ओतीव लोखंडाचा किंवा शिशाचा असतो. त्याला कील म्हणतात. वारा शिडावर दाब देऊन बोट आडवी करू पाहतो, तेव्हा खालचे हे वजन तिला पुन्हा उभे करते. लहान मुलांचे तळाशी जड असलेले खेळणे कितीही ढकलले तरी उभे राहते, तेच हे तत्त्व. शिवाय कील पाण्यात आडवी भिंत होऊन उभी असते, त्यामुळे बोट वाऱ्याबरोबर बाजूला घसरत नाही, पुढे सरकते.

मुंबई बंदरात क्लबांच्या ज्या शर्यती होतात, त्यांत 'सीबर्ड' जातीच्या आणि 'जे-२४' जातीच्या कीलबोटी दिसतात. जे-२४ ही अमेरिकेत १९७७ पासून बनू लागलेली २४ फुटी बोट. तिचे एकूण वजन सुमारे १४०० किलो, त्यातले ४०० किलोहून अधिक एकट्या कीलचे. ती पाण्याखाली ४ फूट खोल जाते. हा ४ फुटांचा आकडा लक्षात ठेवा. मुंबई आणि रायगडच्या किनाऱ्यावर उधाणाच्या दिवसांत भरती-ओहोटीचा फरक चार मीटरच्या वर जातो. सकाळी ज्या खाडीत बोट सुखाने तरंगते, दुपारी तिथे नुसता चिखल असतो. सपाट तळाची कोळ्यांची होडी चिखलात बसते. कीलबोट मात्र एका कुशीवर कलंडते. म्हणून बोट पाहण्याआधी ती ठेवायची कुठे, तिथे ओहोटीला पाणी किती, हे पाहायचे.

मुंबईच्या सुतारांनी बांधलेली बोट

जुनी बोट कशी टिकते आणि कुठे मार खाते, हे सांगणारी एक खरी कहाणी आपल्या मुंबईचीच आहे. रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन हा ब्रिटिश तरुण व्यापारी जहाजावर अधिकारी होता. १९६३ मध्ये त्याने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी मुंबईत कुलाब्याला एक बोट बांधायला घेतली. जुन्या पद्धतीची, ३२ फुटांची, सागवानाची. बांधणारे हात इथल्या सुतारांचे होते आणि हत्यारे हाताचीच. १९६४ च्या डिसेंबरात नारळ फोडून ती पाण्यात सोडली. नाव ठेवले 'सुहेली'.

पुढे १९६८ मध्ये एकट्याने, कुठेही न थांबता पृथ्वीप्रदक्षिणा करण्याची पहिली शर्यत लागली. नऊ जण निघाले. त्यांतल्या कित्येकांच्या बोटी सुहेलीपेक्षा वेगवान होत्या. प्रवास पुरा केला तो एकट्या सुहेलीने. १४ जून १९६८ ला इंग्लंडच्या फाल्मथ बंदरातून निघालेली ही मुंबईची बोट ३१२ दिवसांनी, २२ एप्रिल १९६९ ला तिथेच परत आली. जगात असे करणारी ती पहिली.

पण आपल्या दृष्टीने पुढचा भाग महत्त्वाचा आहे. प्रवासाच्या सुरुवातीलाच तिच्या तळाच्या फळ्यांच्या सांध्यातून पाणी येऊ लागले. नॉक्स-जॉन्स्टनने भर समुद्रात बोटीखाली बुडी मारून सांध्यात कापूस ठासला, वरून तांब्याची पट्टी खिळ्यांनी मारली, तेव्हा गळती आवरली. पुढे ही बोट ग्रिनिचच्या सागरी संग्रहालयात मानाने ठेवली गेली. तिथली कोरडी, तापवलेली हवा तिला मानवेना. फळ्या सुकून आकसू लागल्या आणि २००२ मध्ये तिला तिथून हलवावे लागले. नंतरच्या दुरुस्तीत गंजलेले लोखंडी बोल्ट काढून त्या जागी ब्राँझचे घालावे लागले. सागवान शाबूत होते. गेले ते सागवानाला धरून ठेवणारे लोखंड.

यातून दोन धडे मिळतात. लाकडी बोट वर्षानुवर्षे किनाऱ्यावर उन्हात पडलेली असेल, तर "पाण्यात गेलीच नाही, अगदी नवी आहे" या बोलण्याला भुलू नये. आणि बोट लाकडाची असो वा फायबरची, आधी जोड पाहावेत, मग अंग पाहावे.

दापोडीशी नाते असलेली दुसरी बोट

दुसरी कहाणी आपल्या आणखी जवळची. जुन्या मुंबई-पुणे रस्त्याने दापोडीवरून जाताना सीएमईची लांबच लांब भिंत आपण रोज पाहतो. सैन्याच्या इंजिनिअर दलाची ही शिक्षणसंस्था. त्याच इंजिनिअर दलाच्या अधिकाऱ्यांनी शिडाच्या बोटीतून जगाला फेरी घालायचे ठरवले, तेव्हा त्यांनी नवी बोट बांधली नाही. इंग्लंडमध्ये एक वापरलेली, फायबरची ३७ फुटी कीलबोट विकत घेतली. तिचे नाव 'तृष्णा' ठेवले. कर्नल टी. पी. एस. चौधरी यांच्या नेतृत्वाखाली १९८५ मध्ये निघालेली तृष्णा जानेवारी १९८७ मध्ये मुंबईत पोहोचली. शिडाच्या बोटीतून पृथ्वीप्रदक्षिणा करणारे हे पहिले भारतीय पथक.

म्हणजे जुनी बोट ही कमी प्रतीची असते असे नाही. नीट निवडलेली, नीट बांधलेली जुनी बोट जग फिरते. न पाहता घेतलेली मात्र मांडव्यापर्यंतही नेऊ नये.

कारखान्याची नजर इथे कामाला येते

आता प्रत्यक्ष पाहणी. भोसरी, तळवडे, चाकणच्या शेडमध्ये ज्यांनी फायबरचे साचे भरले, फाउंड्रीत ओतकाम केले, क्वालिटीत गेज धरले किंवा मेंटेनन्समध्ये पाना फिरवला, त्यांना यातले निम्मे आधीच ठाऊक आहे.

पहिला नियम असा की बोट पाण्याबाहेर काढल्याशिवाय सौदा करायचा नाही. मालक म्हणेल, काढायला खर्च येतो. तो खर्च आपण द्यावा, पण तळ पाहावा. तळ न पाहता बोट घेणे म्हणजे बॉनेट न उघडता टेम्पो घेणे.

*कील आणि तिचे बोल्ट.* कील बोटीच्या पोटाला मोठ्या बोल्टांनी आवळलेली असते. आतून फळी उचलली की नट दिसतात. नटाभोवती तांबूस ओघळ आहेत का, वॉशर खाऊन गेले आहेत का, तिथे सतत पाणी साचते का, हे पाहावे. स्टेनलेसला गंज लागत नाही हा समज चुकीचा आहे. ओलसर, हवा न लागणाऱ्या फटीत स्टेनलेसही आतल्या आत पोखरते. वरून नट चकचकीत आणि मध्ये बोल्ट पेन्सिलीएवढा बारीक, असे होऊ शकते. शंका आली तर जाणकाराकडून एक बोल्ट काढवून पाहावा.

मग बाहेरून कील आणि बोट जिथे जुळतात तो सांधा पाहावा. पुढच्या टोकाशी तिथे उघडी भेग दिसली तर समजावे की बोल्ट सैल आहेत किंवा बोट कधी तरी खडकावर आदळली आहे. आदळलेल्या बोटीत कीलच्या मागच्या टोकाजवळ, आतल्या आडव्या पट्ट्यांना तडे सापडतात. मालकाला सरळ विचारावे, "कधी टेकली होती का?" उत्तर काही आले तरी टॉर्च घेऊन आत पाहावे.

हे इतके बारकाईने का, तर २०१४ च्या मे महिन्यात 'चीकी राफिकी' नावाची कीलबोट अटलांटिक महासागर ओलांडत असताना तिची कील निखळली, बोट उलटली आणि चार जणांचा जीव गेला. ब्रिटिश सरकारच्या चौकशीत पूर्वी बोट तळाला घासल्याच्या आणि दुरुस्तीच्या गोष्टी पुढे आल्या. ज्या भागाने बोट उभी राहते, तोच गेला तर मग काहीच उरत नाही.

*फायबरचे अंग.* प्लास्टिकची लहान हातोडी किंवा नाणे घेऊन तळावर हातहातभर अंतराने टकटक करत जावे. ओतीव भागाला ठोकून त्याचा नाद ऐकणारे आपल्यात पुष्कळ आहेत. इथेही तेच करायचे. खणखणीत आवाज आला तर थर एकजीव आहेत. भदभदीत आला तर आत थर सुटले आहेत किंवा पाणी शिरले आहे. त्या जागेवर खडूने गोल करावा.

पाण्याखालच्या भागावर फोड असतील तर एक फोडून पाहावा. आतून आंबूस वासाचे चिकट पाणी आले, तर गेलकोटमधून पाणी झिरपून राळेशी त्याची क्रिया झाली आहे असे समजावे. चार-दोन फोड असले तर घाबरू नये, घासून, वाळवून, इपॉक्सीने भरता येतात. देवीच्या व्रणांसारखा सगळा तळ भरलेला असेल, तर ते काम महिनोन्‌महिन्यांचे आहे आणि किंमत त्या हिशेबाने पाडून मागावी.

*वरचा डेक.* बऱ्याच बोटींच्या डेकमध्ये फायबरच्या दोन थरांत बाल्साचे हलके लाकूड किंवा प्लाय असते. जे-२४ सारख्या बोटीच्या तर अंगातही बाल्सा असते. एखाद्या स्क्रूच्या भोकातून पावसाचे पाणी आत गेले की हे लाकूड कुजते आणि बाहेरून काही दिसत नाही. अनवाणी पायाने, टाचेवर भार देत, सगळ्या डेकवर चालावे. पायाखाली दबले, करकरले, की खडू काढावा. डोलकाठीच्या बुडाशी आणि तिला धरणाऱ्या तारांच्या पट्ट्या जिथे डेकमधून खाली जातात तिथे विशेष पाहावे.

*डोलकाठी आणि तारा.* डोलकाठी ॲल्युमिनियमची, तिच्यावरचे जोड स्टेनलेसचे. दोन वेगळे धातू, मध्ये खारे पाणी, म्हणजे बॅटरीच तयार झाली. जोडाभोवती पांढरी भुकटी किंवा रंगाला फुगवटा दिसला तर खाली ॲल्युमिनियम खाल्ले गेले आहे. डोलकाठीला उभे ठेवणाऱ्या तारांवरून कापसाचा बोळा फिरवावा. कापूस अडकला तिथे तारेचा एक धागा तुटलेला असतो. एक तुटला म्हणजे बाकीचेही त्याच वयाचे आहेत. तारेच्या टोकाला दाबून बसवलेल्या टोप्यांना केसासारखे तडे जातात. क्वालिटीतल्या माणसाने डाय पेनिट्रंट मारून पाहिले तर पाच मिनिटांत कळते. तारांचे वय दहा-पंधरा वर्षांच्या पुढे असेल, तर त्या चांगल्या दिसत असल्या तरी बदलायच्या, असा सगळीकडचा रिवाज आहे. तो खर्च आजच किमतीत धरावा.

*शिडे.* नवे शीड कागदासारखे वाजते, म्हातारे झालेले जुन्या लुगड्यासारखे मऊ पडते. उजेडासमोर धरून शिवण पाहावी. कापड टिकते, पण दोरा उन्हाने आधी मरतो. नखाने ओढल्यावर दोरा तुटला तर सगळी शिवण पुन्हा घालावी लागेल.

*सुकाणू.* हाताने धरून मागे-पुढे, वर-खाली हलवावे. खडखड झाली तर बुश गेले. बुश बदलणे सोपे असते. पण सुकाणूच्या पात्यातून तांबूस पाणी ठिबकत असेल, तर आतले लोखंड गंजले आहे. ते अवघड काम.

*मोटर.* अशा बोटीला मागे चार-सहा अश्वशक्तीची लहान मोटर असते. सुरू करण्यापूर्वी तिच्यावर हात ठेवावा. गरम लागली तर मालकाने तुम्ही येण्याआधी ती चालवून ठेवली आहे. थंड मोटर किती झटक्यांत सुरू होते ते पाहावे. थंड करणाऱ्या पाण्याची बारीक धार बाहेर पडते का पाहावे. गिअरचे ऑईल दुधासारखे पांढरे निघाले तर सील गेले आहे, आत समुद्र आला आहे.

*शेवटची सोपी परीक्षा.* तळात साचलेल्या पाण्यात बोट बुडवून जिभेला लावावे. गोडे असेल तर पावसाचे, म्हणजे वरून डेक गळतो. खारट असेल तर समुद्राचे, म्हणजे तळ किंवा जोड गळतात. तळ कोरडा करावा, बोट पाण्यात सोडून दोन तास फेरी मारावी आणि पुन्हा पाहावे. तळ कोरडाच राहिला, तर हे एक लक्षण शंभर बोलण्यांपेक्षा मोलाचे.

वही घ्या, बेरीज करा

पाहणीत जे जे सापडले ते वहीत लिहावे आणि प्रत्येकासमोर खर्च मांडावा. तीन रकाने करावेत. पहिल्यात 'हे असेल तर घ्यायचीच नाही' : सैल कील, तडकलेल्या आतल्या पट्ट्या, सगळ्या अंगात शिरलेले पाणी. दुसऱ्यात 'पाण्यात जाण्यापूर्वी केलेच पाहिजे' : तारा, सुकाणू, गळती, मोटर. तिसऱ्यात 'जमेल तेव्हा' : रंग, गाद्या, दिवे. विकणारा नेहमी तिसरा रकाना चकचकीत करून ठेवतो. नवा रंग आणि नव्या गाद्या पाहून माणूस फसतो.

दुसऱ्या रकान्याची बेरीज अनेकदा बोटीच्या किमतीहून जास्त निघते. याचा अर्थ बोट फुकट मिळाली तरी महागच. त्यावर दर वर्षाचा खर्च वेगळा: नांगरण्याची जागा, पावसाळ्यापूर्वी क्रेनने बाहेर काढणे, चार महिने झाकून ठेवणे, तळाला शेवाळ-शिंपले धरू नयेत म्हणून खास रंग, विमा, आणि आपला जाण्यायेण्याचा खर्च. बोटीच्या किमतीचा दहावा भाग दर वर्षी बाजूला काढावा असा जगभरचा ढोबळ हिशेब आहे. स्वस्तात घेतलेल्या जुन्या बोटीला तो पुरत नाही.

कामगाराच्या हाती एक जमेची बाजू आहे. मजुरी घरची असते. फायबर भरणे, बोल्ट खरादणे, वायरिंग करणे ही कामे पाच मित्रांत वाटली तर खर्चाचा मोठा भाग वाचतो. मात्र समुद्रावरच्या बोल्टला नेहमीचे मटेरिअल चालत नाही, आणि राळेत उत्प्रेरक अंदाजाने ओतून चालत नाही. शेडमध्ये एखादा पार्ट रिजेक्ट झाला तर भंगारात जातो. इथे पार्टबरोबर माणूसही जातो.

कागद आणि करार

विकणारा खरोखर मालक आहे का, बोट परदेशातून आलेली असेल तर कस्टमचे कागद आहेत का, क्लबची किंवा बंदराची थकबाकी आहे का, हे आधी पाहावे. नोंदणी आणि परवान्यासाठी महाराष्ट्र मेरीटाइम बोर्डाच्या जवळच्या बंदर कार्यालयात स्वतः जाऊन विचारावे आणि उत्तर लेखी घ्यावे. दलालाच्या तोंडी शब्दावर राहू नये. २००८ च्या मुंबईवरील हल्ल्यानंतर किनाऱ्यावरची तपासणी कडक झाली आहे. बोटीचे कागद आणि प्रत्येकाचे ओळखपत्र जवळ असलेच पाहिजे.

मित्रामित्रांत करारही कागदावर हवा. कोणी किती दिले, वर्षाची वर्गणी किती, एखाद्याला बाहेर पडायचे तर पैसे कसे परत, बोटीवर असताना शेवटचा शब्द कोणाचा. हे आधी ठरले नाही तर बोट नंतर बुडते, मैत्री आधी बुडते. आपल्याकडे पुष्कळ कारखान्यांना गुरुवारची सुट्टी, कोणाची रविवारची, कोणाची पाळी बदलती. पाचही जण एकाच दिवशी मोकळे किती वेळा सापडतील, याचा हिशेब कॅलेंडर समोर ठेवून करावा. वर्षात ऑक्टोबर ते मे एवढाच काळ हाती असतो. पावसाळ्यात इतक्या लहान बोटीने समुद्रावर जाण्याचे नाव काढू नये.

घरच्यांनी विचारायचे प्रश्न

या व्यवहारात घरातल्या स्त्रीला "तुला त्यातलं काय कळतं" म्हणून बाजूला बसवू नये. बचत तिचीही आहे आणि मुले तिचीही आहेत. तिने हे प्रश्न खुशाल विचारावेत. पैसे पीएफमधून किंवा पतपेढीच्या कर्जातून येणार आहेत का? येणार असतील तर थांबा. हौस बचतीतून करावी, कर्जातून नव्हे. मुलीच्या कॉलेजची फी बाजूला काढली का? प्रत्येकाला, लहान मुलांना त्यांच्या वजनाच्या मापाचे लाइफ जॅकेट आहे का? तुमच्यापैकी किती जणांना पोहता येते? बोट चालवणाऱ्याला काही झाले तर ती परत आणणारा दुसरा कोण?

जॅकेटची गोष्ट हसण्यावारी नेऊ नये. १८ डिसेंबर २०२४ रोजी मुंबई बंदरात एलिफंटाकडे निघालेल्या 'नीलकमल' या प्रवासी बोटीला नौदलाची वेगवान बोट धडकली. डझनाहून अधिक माणसे गेली. दिवस शांत होता, किनारा नजरेच्या टप्प्यात होता. जॅकेट कपाटात असून उपयोग नसतो, ते अंगावर हवे. बरोबर व्हीएचएफ रेडिओ असावा, संकटात चॅनल १६ वर हाक द्यावी. तटरक्षक दलाचा मदत क्रमांक १५५४ सगळ्यांना पाठ असावा.

आधी शिका, मग घ्या

मुंबईहून मांडवा सरळ रेषेत जेमतेम आठ सागरी मैल. बरा वारा असेल तर लहान कीलबोटीला दोन तास लागतात. पण वाटेत मोठ्या जहाजांचा मार्ग आहे आणि जहाजाला ब्रेक नसतो. सकाळी जमिनीवरून मतलई वारा असतो, दुपारी समुद्रावरून खारा वारा चढतो आणि लाट उभी राहते. परतीची वेळ, ओहोटी आणि अंधार यांचा मेळ बसवणे हे पुस्तकातून येत नाही. म्हणून पहिले वर्ष बोट घेऊच नये. आधी मान्यताप्राप्त ठिकाणी शिडाचे शिक्षण घ्यावे, ज्यांच्या बोटी आहेत त्यांच्याबरोबर मदतनीस म्हणून जावे, किनाऱ्यावरच्या एखाद्या तांडेलाशी ओळख करावी. वारा, पाणी, खडक यांचे जे ज्ञान त्याच्याकडे आहे, ते कोणत्याही नकाशात नाही. एक वर्षाने हौस टिकली, तर टॉर्च, खडू, हातोडी आणि वही घेऊन निघावे.

पाणी हे कोणाच्या घराण्याचे नसते, हे दाखवणारे उदाहरण डोळ्यांसमोर आहे. नाशिक जिल्ह्यातल्या दुष्काळी तळेगाव रोहीचा दत्तू भोकनळ वडिलांबरोबर विहिरी खणत असे. तो सैन्याच्या इंजिनिअर दलात दाखल झाला, तिथे वल्हे हाती धरायला शिकला, २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये रोइंगमध्ये उतरला आणि २०१८ च्या आशियाई स्पर्धेत चौघांच्या संघातून सुवर्णपदक घेऊन आला. ज्याच्या गावात हंड्याने पाणी मोजत, तो पाण्यावरच जिंकला. त्याला पोहोचवले ते शिक्षणाने आणि सरावाने.

तेव्हा पुढच्या सुट्टीत मुलाने विचारले, "बाबा, त्या बोटीत कोण असतं?" तर "मोठी माणसं" असे सांगू नका. सांगा, "ज्यांना ती चालवता येते ती माणसं." आणि घरी येऊन त्याला आधी पोहायला घाला.